लेकीचा अर्ज कुठे भरू? पुण्याला की सोलापुरातच?

ताई, सप्रेम नमस्कार.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात जॉबर आहे, म्हणजे माग दुरुस्त करतो. राहायला पूर्व भागात. थोरली मुलगी यंदा बारावी सायन्स झाली, सोलापुरातल्याच कॉलेजातून. सीईटीला ९१ पर्सेंटाइल पडले. तिला कॉम्प्युटर इंजिनिअरिंग करायचंय आणि पुण्यालाच जायचंय. माझा मेहुणा हडपसरला असतो. तो म्हणतो, कुठलंही कॉलेज मिळू दे पण पुणंच घ्या, सोलापुरात राहून काही होत नाही. आई म्हणते, पोरीला एवढ्या लांब कशाला. शेजारी म्हणतात, वालचंद मिळालं तर डोळे झाकून घ्या, महाराष्ट्रात टॉपला आहे. आमचा ओबीसीचा दाखला आहे, व्हॅलिडिटी अजून काढली नाही. पगारात घर चालतं, शिल्लक फार राहत नाही. धाकटा दहावीला आहे. फॉर्म भरायची वेळ आली आणि घरात रोज वाद. पोरगी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. काय करू?

एक वडील, सोलापूर

दादा, नमस्कार.

पुणं-सोलापूर नंतर बोलू. आधी व्हॅलिडिटी. तुम्ही ती एका ओळीत उरकली आहे, पण घरातल्या सगळ्या वादापेक्षा ती ओळ मोठी आहे. जातीचा दाखला वेगळा आणि जात वैधता प्रमाणपत्र वेगळं. राखीव जागेवर प्रवेश हवा तर दुसरंही लागतं, आणि ते जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडून मिळतं. अर्ज ऑनलाइन भरायचा, त्यावर मुलीच्या कॉलेजचा सही-शिक्का घ्यायचा आणि फाइल समितीच्या कार्यालयात द्यायची. तुमचा आणि तुमच्या वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला शोधण्यातच लोकांचे आठ-आठ दिवस जातात. तुमच्या सख्ख्या किंवा चुलत भावाकडे कुणाची व्हॅलिडिटी आधीच निघालेली असेल तर त्याची प्रत जोडा, काम पुष्कळ हलकं होतं. अर्जाची पावती मिळाली की जपून ठेवा. गेल्या काही वर्षांत पावतीवर फॉर्म भरू देऊन प्रमाणपत्र आणायला पुढे मुदत दिली गेली आहे, पण पावतीच नसेल तर मागणार कशावर? सोबत नॉन-क्रिमीलेअर काढा, आणि ते येत्या ३१ मार्चपर्यंत वैध आहे ना, ते तिथल्या तिथे वाचून घ्या. मी स्वतः तीस वर्षं अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवलं. चांगल्या मार्कांची मुलं या एका कागदापायी खुल्या यादीत ढकललेली मी पाहिली आहेत. अशा वेळी बापाचा चेहरा बघवत नाही.

आता पैशाचं बोलू, कारण तुमच्या पत्रात ते दबक्या आवाजात आलंय.

राज्य सरकारने २०२४-२५ या वर्षापासून ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलंय. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असावं आणि प्रवेश सरकारी कॅप (केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) फेरीतून झालेला असावा, या मुख्य अटी. तुम्ही यात बसता. म्हणजे तुमच्या मुलीची शिकवणीची फी पुण्याच्या खासगी कॉलेजात असो की सोलापूरच्या, दोन्हीकडे माफच. पुण्याचं कॉलेज महाग आणि सोलापूरचं स्वस्त, हा जुना हिशेब तुमच्यापुरता मोडला. राहिला फरक तो राहण्या-खाण्याचा. कॉलेजचे इतर शुल्क मात्र या माफीत येत नाहीत. ते किती, हे प्रत्येक ठिकाणी कागदावर लिहून मागा.

पुण्यात कॉट, मेस, बस, मोबाइल, आजारपण, सगळं धरून महिन्याला दहा-बारा हजारांच्या खाली हिशेब धरू नका. वर्षाचे दहा महिने धरले तरी लाख-सव्वा लाख. चार वर्षांचे चार ते पाच लाख. यासाठी कुणी कर्ज काढलं तर मी त्याला चूक म्हणणार नाही. पण तो आकडा आधी वहीत मांडून, बाजूला धाकट्याच्या अकरावी-बारावीचा खर्च मांडून, मग काढा. ओबीसी मुलांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, घराबाहेर राहून शिकणाऱ्यांना त्यातून पैसे मिळतात. अर्ज जरूर करा, पण जागा मोजक्या असतात, तेव्हा त्या पैशावर घराचा हिशेब बेतू नका. आणि एक पक्कं लक्षात ठेवा. मॅनेजमेंट कोट्यातून किंवा संस्थेच्या पातळीवरच्या जागेवर प्रवेश घेतला की ही फीमाफी गेली. "थोडे पैसे भरा, पुण्यात कॉम्प्युटरची सीट करून देतो" असं सांगणारा माणूस जुलैमध्ये तुमच्या दारात येईल. त्याला चहासुद्धा विचारू नका.

मेहुण्यांच्या घराचाही विचार तुमच्या मनात असणार. हडपसरला मामाचं घर आहे, खोलीभाडं वाचेल. मेहुण्यांनी बोलावलंय, पण मामींनी बोलावलंय का? चार वर्षं म्हणजे चार दिवाळ्या, आठ परीक्षा, रात्री दोनपर्यंत पेटलेला दिवा आणि सकाळी एकाच बाथरूमसमोर पाच माणसं. नातं टिकवायचं असेल तर हे मामींना फोनवर नव्हे, समोर बसून विचारा. शिवाय पुण्यातलं कॉलेज हडपसरपासून दीड-दोन तासांवर निघालं, तर मामाच्या घराचा उपयोग रविवारच्या जेवणापुरताच.

"कुठलंही मिळू दे पण पुणंच" हे वाक्य मला टोचलं, कारण हेच वाक्य मी एकेकाळी वर्गात बोलायचे. वीसेक वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगा होता. हुशार, हाताने काहीतरी करत राहणारा, प्रयोगशाळेत तुटलेला अ‍ॅमीटर त्याने दुरुस्त करून दाखवला होता. त्याला आपल्याच जिल्ह्यात चांगल्या ठिकाणी मेकॅनिकल मिळत होतं. मी म्हटलं, पुणं सोडू नकोस. त्याने पुण्याचा पत्ता असलेलं एक कॉलेज घेतलं. नाव लिहीत नाही. पत्ता पुण्याचा, पण कॉलेज हायवे सोडून आत, माळावर. संध्याकाळी सहानंतर तिथून गावाकडे यायला बस नाही. पहिल्या सत्रात एका विषयाचे तीन सर बदलले. वर्कशॉपला कुलूप आणि जर्नल मात्र पूर्ण. दिवाळीला तो आला तो सगळं सामान घेऊनच. त्याच्या आईने पिशवी उचलून पाहिली आणि काही न विचारता समजली. पुढच्या वर्षी त्याने जिल्ह्यातच पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. आज तो चाकणला नोकरीत आहे. तरी ते वर्ष माझ्या सांगण्याने गेलं, ही सल मला आहे. तेव्हापासून मी गावाचं नाव घेऊन सल्ला देत नाही. कॉलेज सांगा, शाखा सांगा, मग बोलते.

दादा, टॉवेल घेताना तुम्ही लेबल वाचत नसाल. फास किती घट्ट आहे ते बोटाने बघत असाल, कड उलटून बघत असाल. पुणं हे लेबल आहे. सोलापूर हेसुद्धा लेबलच.

आता ९१ पर्सेंटाइलचं काय करायचं ते. राज्य सीईटी सेलच्या संकेतस्थळावर गेल्या वर्षीच्या प्रत्येक फेरीची कटऑफ यादी मिळते. मोबाइलवर बघू नका, छापून घ्या. प्रत्येक कॉलेजच्या प्रत्येक शाखेखाली एक तक्ता असतो आणि त्यात इंग्रजी अक्षरांचे डबे असतात. लोक इथेच गोंधळतात आणि पहिला डबा बघून "मिळतंय" किंवा "नाही मिळत" असं ठरवून टाकतात. ती अक्षरं अशी वाचायची. पहिलं अक्षर जी असेल तर जागा सर्वांसाठी, एल असेल तर मुलींसाठी. मधे प्रवर्ग: ओपन, ओबीसी वगैरे. आणि शेवटचं अक्षर सगळ्यात महत्त्वाचं. एच म्हणजे गृह विद्यापीठाच्या जागा, ओ म्हणजे गृह विद्यापीठाबाहेरच्यांच्या, एस म्हणजे राज्य पातळीवरच्या. डब्यात वर गुणवत्ता क्रमांक असतो आणि खाली कंसात पर्सेंटाइल.

गृह विद्यापीठ म्हणजे तुमच्या मुलीने बारावी जिथून केली तिथलं. तिने सोलापुरात केली, तर तिचं गृह विद्यापीठ पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ. २००४ मध्ये एका जिल्ह्यासाठी वेगळं झालेलं आपलं हे विद्यापीठ आहे, त्याआधी आपली कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाखाली होती. सर्वसाधारणपणे ७० टक्के जागा गृह विद्यापीठाच्या मुलांना आणि ३० टक्के बाहेरच्यांना जातात. म्हणजे सोलापूर, पंढरपूर, बार्शी, सांगोला, जिल्ह्यात कुठेही तुमची मुलगी ७० टक्क्यांच्या दारातून आत जाते. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठाच्या कॉलेजात तिला ३० टक्क्यांचं दार. तेव्हा इथली कॉलेजं बघताना एल-ओबीसी-एच हा डबा बघा आणि पुण्याची बघताना एल-ओबीसी-ओ. मेहुण्यांनी तुम्हाला पुण्याचा जो कटऑफ सांगितला असेल तो बहुधा पुण्याच्या मुलांचा, म्हणजे एचचा असेल. तो तुमच्या कामाचा नाही. पुण्याचं सीओईपी (पूर्वीचं सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज, आता विद्यापीठ), कराडचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय अशा ठिकाणी जागा राज्य पातळीवरच्या असतात, तिथे एस बघायचा. तक्त्याच्या वर संस्थेचा दर्जाही लिहिलेला असतो. अल्पसंख्याक संस्था असेल तर जागांची वाटणी वेगळी असते, म्हणून ती ओळ वगळू नका.

तुमच्या गल्लीतही बारावी लातूरला करून आलेलं एखादं पोर असेल. त्याचं घर सोलापुरात असलं तरी बारावी लातूरची, म्हणून त्याचं गृह विद्यापीठ नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ. त्याला सोलापुरात ओ लागतो. त्याचे मार्क तुमच्या मुलीपेक्षा जास्त असूनही त्याला इथलं एखादं कॉलेज मिळालं नाही, तर कुणी वशिला लावला असं समजू नका. धाकट्याला अकरावीला लातूरला पाठवायचा बेत असेल, तर हेही आत्ताच ध्यानात घ्या.

शेजाऱ्यांच्या वालचंदविषयी. वालचंद दोन आहेत आणि दरवर्षी शंभरातली वीस माणसं त्यांची सरमिसळ करतात. सांगलीचं वालचंद कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग १९४७ चं, शासन अनुदानित, स्वायत्त. आपल्या सोलापूरचं वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, ज्याला आपण डब्ल्यूआयटी म्हणतो, ते १९८३ चं आणि खासगी. दोन्ही नावं उद्योगपती वालचंद हिराचंद यांची, आणि त्यांचा जन्म आपल्याच सोलापुरातला, १८८२ चा. टॉपला आहे असं शेजारी म्हणतात ते सांगलीबद्दल. तिथलं कॉम्प्युटर ९१ ला मिळणं अवघड आहे. तरी मुलीला मनापासून हवं असेल तर यादीत वर टाका, टाकायला काही जात नाही. सोलापूरचं वालचंद चांगलं आहे का? माझ्या मते आहे. माझे कितीतरी विद्यार्थी तिथून शिकून बाहेर पडले आणि नीट उभे राहिले. पण सांगलीच्या नावावर सोलापूरचं घेऊ नका. आपलं म्हणून बघा आणि पटलं तर घ्या.

जिल्ह्यात आणखीही आहेत. तुळजापूर रोडला तळे हिप्परग्याला ऑर्किड, पुणे रोडला केगावला सिंहगड, बेलाटीला ब्रह्मदेवदादा माने, आणि पंढरपूरजवळ गोपाळपूरला स्वेरी, १९९८ चं. स्वेरीला तिला हॉस्टेलला राहावं लागेल, पण पंढरपूर म्हणजे दीड-दोन तासांची वाट, मनात आलं की आई भेटून येऊ शकते. "लांब नको" म्हणणाऱ्या आजीला आणि "घरी नको" म्हणणाऱ्या नातीला, दोघींनाही चालेल असा हा मधला रस्ता आहे. तुम्ही बहुतेक तो विचारातच घेतलेला नाही.

यातलं कुठलं बरं, ते मी इथे बसून सांगणार नाही, कारण तुम्ही स्वतः जाऊन बघावं असं मला वाटतं. एक दिवस सुट्टी टाका. मुलीला घ्या. आजीलाही घ्या. कॉलेज चालू असताना, दुपारी दोनच्या सुमाराला जा. सकाळी सगळीच कॉलेजं टवटवीत दिसतात. स्वागतकक्षात बसवून जो फोल्डर देतील तो पिशवीत टाका आणि कॉम्प्युटर लॅब दाखवा म्हणा. मशीनं चालू आहेत का, पोरं बसून काही करतायत का, की खुर्च्या टेबलावर उलट्या टाकल्यात? तुम्ही तर मागाचा आवाज ऐकून कुठला माग बिघडलाय ते दारातूनच ओळखत असाल. तोच कान इथे लावा. मग कँटीनला जा आणि मुलीला तिसऱ्या वर्षाच्या मुलींजवळ बसू द्या. तुम्ही लांब थांबा. प्रॅक्टिकल खरंच होतात की नुसत्या जर्नलवर सह्या, मधेच किती सर सोडून गेले, मुलींचं टॉयलेट कसं आहे, हे तुमच्यासमोर कुणी बोलणार नाही, तिच्याशी बोलतील. हॉस्टेल असेल तर पाण्याचं विचारा. आपल्या सोलापूरकरांना पाण्याचं वेगळं सांगायला नको.

प्लेसमेंटच्या फ्लेक्सवर एकाच मुलाचा फोटो आणि मोठा आकडा असतो. तो सोडा. याच शाखेच्या गेल्या वर्षीच्या किती मुलांपैकी किती जणांना नोकरी लागली आणि मधल्या मुलाला किती पगार मिळाला, एवढंच विचारा. ज्यांच्याकडे खरं उत्तर असतं ते कपाटातून यादी काढून दाखवतात. एनबीए (राष्ट्रीय मानांकन मंडळ) मानांकन शाखेला असतं, अख्ख्या कॉलेजला नव्हे, तेव्हा कॉम्प्युटरला आहे का ते विचारा. स्वायत्त या शब्दालाही घाबरू नका. त्याचा अर्थ अभ्यासक्रम आणि परीक्षा कॉलेज स्वतः ठरवतं, पदवी मात्र विद्यापीठाचीच असते.

पुण्याचंही असंच बघा. हुतात्मा एक्स्प्रेसने सकाळी निघून रात्री परत येता येतं. कटऑफच्या ओ डब्यात ९१ च्या आसपास जी दोन-तीन कॉलेजं सापडतील तीच बघा, सगळं पुणं पालथं घालू नका. स्टेशनपासून कॉलेजपर्यंत पीएमपीच्या बसनेच जा, रिक्षा करू नका. मुलगी रोज जशी जाईल तसं जा.

आणि मी पुण्याच्या विरोधात नाही, हे मुलीला जरूर वाचून दाखवा. तिला पुणं का हवंय ते मला कळतं. कॉम्प्युटरला कंपन्या तिथे आहेत, इंटर्नशिप तिथे मिळते, आणि शेजारच्या खोलीत राहणारी मुलगी काय शिकतेय हे बघूनच माणूस अर्धं शिकतं. सोलापुरात हे कमी आहे, आणि आपणच ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. शिवाय एकटीने राहणं, स्वतःच्या पैशाचा हिशेब ठेवणं, हेही शिक्षणच. पुण्यात तिला खरोखर चांगलं, जुनं, शिकवणारं कॉलेज मिळत असेल तर आजीला मी स्वतः येऊन समजावीन, आणि तुम्ही कर्ज काढा. पण पुण्यातलं तळाचं आणि सोलापुरातलं वरचं अशी वेळ आली, तर माझं मत सोलापूर. सोलापुरात शिकून पुढे नोकरीला पुण्याला गेलेली मुलं मी मोजायची थांबले आहे. हुतात्माच्या डब्यात सोमवारी सकाळी नुसती नजर टाका, कडक भाकरी आणि शेंगाचटणीच्या पिशव्या घेऊन निघालेली निम्मी तीच असतात.

आता फॉर्म भरायचा क्रम. इथे २०२५ च्या प्रवेशापासून नियम कडक झाला. कॅपच्या चार फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीत तुमची पहिली पसंती मिळाली तर ती जागा आपोआप पक्की होते, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन पसंतींपैकी मिळाली तर, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी. पक्की झाली की पुढच्या फेरीत बसता येत नाही. यंदाचं माहितीपत्रक आलं की हे कलम पुन्हा वाचा, दरवर्षी काहीतरी हलतं. याचा अर्थ असा, की वरच्या सहा ओळींत असं एकही नाव नको, जे मिळालं तर मुलगी रडेल. "बघू तरी मिळतंय का" म्हणून वर टाकायचं नाही. उलट जे मनापासून हवं आहे पण अवघड आहे, ते बिनधास्त वर टाका. वरचं मिळालं नाही म्हणून खालचं हुकत नाही. यंत्र तुमच्या यादीच्या वरून खाली येत जातं आणि गुणांना जे पहिलं बसेल तिथे थांबतं.

एका वर्षी शेवटच्या रात्री मी एका मुलीबरोबर नेट कॅफेत बसले होते. घरी वडिलांनी कागदावर यादी करून दिलेली, तिच्या मुठीत एक दुसरी यादी. कॅफेवाला म्हणाला, मॅडम, सगळ्यांचं मी एकच सेट करून ठेवलंय, तेच टाकतो. आणि खरंच, त्याच्याकडे एक तयार यादी होती, मागच्या चाळीस मुलांना त्याने तीच चिकटवली होती. आम्ही बाहेर येऊन जिन्यात बसलो आणि पेन्सिलने पुन्हा पहिल्यापासून लिहिलं. तेव्हा फॉर्म घरीच भरा, मुलीच्या हाताने. पासवर्ड तिचा तिच्याकडेच राहू द्या. भरून झाला की छापील प्रत काढून एक रात्र उशाशी ठेवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पक्का करा. शेवटच्या दिवसापर्यंत थांबलात तर ही एक रात्र मिळत नाही.

पत्राच्या मागच्या बाजूला तुम्ही एक ओळ लिहून खोडली आहे, पण ती वाचता येते. मालकांना जाकार्डचं डिझाइन कॉम्प्युटरवर काढायला अडत होतं, ते मुलीने दोन संध्याकाळी बसून काढून दिलं. का खोडलीत ही ओळ? मला तर अख्ख्या पत्रात तीच सगळ्यात मोलाची वाटली. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, आणि आपल्या मागांवर काय विणायचं हे पुढे कोण ठरवणार, तर ज्याला सूतही कळतं आणि कॉम्प्युटरही. इचलकरंजीला डीकेटीई आहे, १९८२ चं, कापड तंत्रज्ञानासाठी नाव असलेलं. तिथे कॉम्प्युटरही आहे आणि टेक्स्टाइलही. ते शिवाजी विद्यापीठाच्या हद्दीत येतं, म्हणून तुम्हाला ओचा डबा लागेल. मुलीने टेक्स्टाइलच घ्यावं असं मी म्हणत नाही. वडिलांच्या अंगावरची कापसाची फुसं रोज बघत वाढलेल्या मुलीला त्या धंद्यातून बाहेर पडावंसं वाटलं तर तो तिचा हक्क आहे. फक्त तिला एकदा विचारा, त्या दोन संध्याकाळी तिला कसं वाटलं होतं. उत्तर काही येऊ दे, तुम्ही मधे बोलू नका.

याच आठवड्यात अक्कलकोटहून एका ताईंचंही पत्र आलंय, त्यांना इथेच दोन ओळी. घरात कन्नड बोलतात, मुलगा कलबुर्गी किंवा विजापूरला जाऊ शकेल का असं त्यांनी विचारलंय. ताई, दक्षिण सोलापूर, अक्कलकोट, जत आणि गडहिंग्लज या तालुक्यांत ठरावीक वर्षं शिकलेल्या आणि कन्नड मातृभाषा असलेल्या मुलांसाठी कर्नाटकाच्या प्रवेशात गडीनाडू कन्नडिग (सीमाभागातले कन्नड भाषिक) म्हणून वेगळी तरतूद आहे. कन्नड भाषेची चाचणी द्यावी लागते आणि कर्नाटकाची सीईटी वेगळी असते. कर्नाटक परीक्षा प्राधिकरणाच्या माहितीपत्रकातलं ते कलम शाळेचे दाखले समोर ठेवून वाचा. मात्र महाराष्ट्राच्या कॅपमधली फीची सवलत तिकडे मिळणार नाही, तो हिशेब आधी करा.

दादा, परत तुमच्याकडे. पोरगी दोन दिवस बोलली नाही असं लिहिलंत. ती तुमच्यावर रागावलेली नसावी. घरात चार माणसं तिच्या चार वर्षांबद्दल बोलतायत आणि तिला कुणी विचारत नाही, असं काहीतरी झालेलं असणार. आज रात्री जेवणं झाली की टीव्ही बंद करा, वही घ्या आणि म्हणा, तू सांग, मी लिहितो. तिने सांगितलेली पहिली सहा नावं तिच्याच क्रमाने लिहा. तुमची, आजीची, मेहुण्यांची नावं नंतर. ती वही घेऊन कॉलेजं बघायला निघा, आणि बघून आल्यावर क्रम बदलायचा असेल तर तिनेच बदलावा.

पहिली सहा ठरली की मला कळवा, प्रत्येकाच्या कटऑफचा योग्य डबा मी शोधून देईन. आणि व्हॅलिडिटीच्या फाइलसाठी उद्याच मुलीच्या कॉलेजात जाऊन सही-शिक्का घ्या. निकालानंतरच्या दिवसांत ऑफिसात गर्दी असते, दहाच्या आत पोचा.